फायबरला जोडलेल्या लेझर बॉक्सची पॉवर पुन्हा पुन्हा का घसरते?

लक्षण असे असते. ६६० नॅनोमीटरचा लेझर डायोड, पुढे ४.५ मिमी फोकल लेंग्थची, पसरणारा प्रकाश समांतर करणारी कोलिमेटर लेन्स, दोन आरसे, मग बीम फायबरच्या तोंडावर फोकस करणारी ११ मिमीची लेन्स आणि सिंगल-मोड फायबर (अगदी बारीक गाभ्याचा, प्रकाश वाहून नेणारा काचेचा तंतू). संध्याकाळी अलाइनमेंट (बीम फायबरच्या तोंडावर नेमका बसवणे) करून फायबरमधून ६० टक्के पॉवर मिळवलेली असते. सकाळी बॉक्स चालू केला की मीटर ३५ टक्क्यांवर. आरशाचे नॉब जरासे फिरवले की पुन्हा ६०. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बऱ्याच लॅबमध्ये मग रोज सकाळी अलाइनमेंट करायची सवयच पडते आणि खरा दोष त्या सवयीखाली झाकला जातो. नॉब फिरवून आपण सरकलेला भाग जागेवर आणत नाही, त्याच्या सरकण्याची भरपाई दुसऱ्याच भागाकडून करून घेतो. जो सैल आहे तो सैलच राहतो. म्हणून पॉवर पडलेली दिसली की पहिला नियम हा: नॉबला हात लावू नका. पडलेली अवस्था हाच पुरावा असतो आणि एकदा अलाइनमेंट केली की तो जातो.

किती सरकल्यावर किती जाते

हे आकडे डोक्यात पक्के नसतील तर माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो. या तरंगलांबीला सिंगल-मोड फायबरमधल्या मोडचा, म्हणजे आत वाहणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा, व्यास सुमारे ४.३ मायक्रॉन असतो, म्हणजे त्रिज्या २.१५. फोकस झालेला ठिपका फायबरच्या मध्यापासून अर्धा मायक्रॉन बाजूला गेला तर ५ टक्के पॉवर जाते, १ मायक्रॉनला २० टक्के आणि २ मायक्रॉनला जवळजवळ ५८ टक्के. याउलट फायबर लेन्सपासून पुढे-मागे सरकले तर २० टक्के घट व्हायला सुमारे २२ मायक्रॉन लागतात. ॲल्युमिनियमची ११ मिमी नळी १० अंश तापली तर अडीच मायक्रॉन वाढते, तेव्हा फोकसची काळजी सहसा नको. अपवाद प्लास्टिकच्या लेन्सचा. ॲक्रिलिक लेन्सचा अपवर्तनांक तापमानाने इतका बदलतो की १० अंशांत ११ मिमीचा फोकस सुमारे ३० मायक्रॉन हलतो. बॉक्समध्ये तशी लेन्स असेल तर बाकी काही करण्याआधी ती काढून काचेची लावा.

आता कोलिमेटेड, म्हणजे दोन लेन्समधल्या समांतर, बीमकडे बघा. बीम २ मिमी रुंद आहे. तो स्वतःला समांतर राहून ०.१ मिमी बाजूला गेला तर नुकसान फक्त १ टक्का. पण त्याचा कोन ०.१ मिलिरेडियनने बदलला तर ठिपका १.१ मायक्रॉन सरकतो आणि २३ टक्के जातात. म्हणजे डायोड ते कोलिमेटर आणि लेन्स ते फायबर या दोन टोकांना बाजूचे सरकणे मारक आहे, मधल्या भागात कोन मारक आहे. स्टेनलेस स्टीलचा पोस्ट (आरसा उभा धरणारा खांब) आणि ॲल्युमिनियमचा पोस्ट शेजारी असतील तर ५० मिमी उंचीला १० अंशांत तीन मायक्रॉनचा फरक पडतो, यावर लोक फार वाद घालतात. कोलिमेटेड भागात तो फरक मोजण्यासारखाही नाही.

आरसा कललेल्या कोनाच्या दुप्पट बीम वळवतो. त्यामुळे ०.०४५ मिलिरेडियन कलला तरी २० टक्के जातात. माउंटच्या (आरसा किंवा लेन्स धरणाऱ्या भागाच्या) ४० मिमी बुडाची एक कड १.८ मायक्रॉन उचलली गेली की एवढे कलणे होते. साध्या कागदाची जाडी १०० मायक्रॉनच्या आसपास असते, यावरून अंदाज यावा. सगळ्यात नाजूक जागा मात्र डायोडची. ४.५ मिमीची लेन्स आणि ११ मिमीची लेन्स मिळून डायोडचे सरकणे जवळपास अडीचपट मोठे करून फायबरच्या तोंडाशी आणतात. डायोड आपल्या लेन्सच्या तुलनेत ०.४ मायक्रॉन सरकला की २० टक्के गेले.

आधी लेझर निर्दोष आहे का ते बघा

फायबरच्या लेन्सआधी बिनकोटिंगची, थोडी वेजची (एका कडेला किंचित जाड) काच बीममध्ये ठेवा. एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत येतो, तो फोटोडायोडवर घ्या. काच ४५ अंशांवर ठेवू नका. तिथे परावर्तन ध्रुवीकरणावर फार अवलंबून असते आणि मोजमाप फसवते. ८-१० अंश पुरेत. आता हा सिग्नल आणि फायबरच्या पलीकडचा सिग्नल एकाच वेळी नोंदवा, सोबत बेस प्लेटचे तापमान. दोन्ही सिग्नल बरोबरीने पडत असतील तर दोष डायोड, करंट किंवा तापमान-नियंत्रणात आहे. आरशांना दोष देऊ नका. फक्त फायबरचा पडत असेल तरच हा लेख पुढे वाचा. पहिल्या सिग्नलमध्येच अचानक उड्या दिसत असतील तर फायबरच्या तोंडावरून परत येणारा प्रकाश डायोडला अस्थिर करत असण्याची शक्यता मोठी. तोंड ८ अंशांत तिरके घासलेला एपीसी कनेक्टर लावून बघा.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात: या कामात झाकण उघडे असते. त्या तरंगलांबीचा गॉगल लावा, हातात अंगठी-घड्याळ नको, दाबून बघायच्या चाचण्या करंट कमी करून करा. तापमानाची चाचणी मात्र पूर्ण पॉवरला आणि झाकण लावूनच करावी लागते, कारण कमी करंटला उष्णताही कमी होते.

आलेख काय सांगतो

चोवीस तासांची नोंद हातात आली की अर्धे काम होते. तापमान वाढले की पॉवर पडते आणि तापमान उतरले की तेवढीच परत येते, असे दिसले तर कुठेतरी ताण बसला आहे: भाग घट्ट आहेत पण जोडणी चुकीची आहे. तापमान परत आले तरी पॉवर परत येत नसेल तर काहीतरी घसरते आहे. दिवसेंदिवस एकाच दिशेने हळूहळू घट होत असेल तर चिकटद्रव्य, नायलॉन किंवा थर्मल पेस्ट यांच्यावर संशय घ्या. पायऱ्या-पायऱ्यांनी उड्या मारत पडत असेल तर एखादा पृष्ठभाग अडकतो आणि सुटतो, बहुधा माउंटचे बूड किंवा ॲडजस्टर (आरसा कलवणारा नॉबचा स्क्रू).

पंख्याच्या कंपनाची खूण वेगळी. मिनिटाला ३००० फेऱ्यांचा पंखा ५० हर्ट्झचा डोल देतो आणि आपल्याकडची वीजही ५० हर्ट्झची, म्हणून ऑसिलोस्कोपवर दोन्ही सारखीच दिसतात. पंख्याची वायर काढा. डोल गेला तर कंपन, राहिला तर वायरिंग. पंखा बेस प्लेटवर कधीच लावू नये. तो बॉक्सच्या भिंतीवर, रबराच्या बुशांवर असावा.

बोटाने शोधा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीची चाचणी ही. खोडरबर लावलेली पेन्सिल घ्या, मीटरकडे नजर ठेवा आणि खोडरबराच्या टोकाने एकेक माउंट हलकेच दाबा: आधी वरून, मग बाजूने. दाबल्यावर पॉवर हलणारच, तो दोष नव्हे. सोडल्यावर ती आधीच्याच आकड्यावर येते का, एवढेच बघायचे. ४१२ मायक्रोवॉटवरून दाबताना ३७० झाले आणि सोडल्यावर ४१२ आले, तर तो माउंट ठीक. सोडल्यावर ३९५ वर थांबले, तर तोच गुन्हेगार. प्रत्येक जागी तीनदा करा. एका जागी आकडा दरवेळी वेगळ्या ठिकाणी थांबत असेल तर पुढचे शोधायची गरज नाही.

यानंतर झाकण. बॉक्सच्या झाकणाचे स्क्रू एकेक करून आवळा आणि मीटर बघा. झाकण आवळताना पॉवर बदलत असेल तर बॉक्सचा पीळ बेस प्लेटपर्यंत पोहोचतो आहे. मग बेस प्लेटला बॉक्सशी बांधणारे स्क्रू एकेक सैल करा. चौथा स्क्रू सैल करताच पॉवर चांगली उडी घेते, हे इतक्या बॉक्समध्ये घडते की पहिला संशय तिथेच घ्यावा.

बेस प्लेट: चार स्क्रूंचा मोह

पत्र्याच्या बॉक्सच्या तळावर ॲल्युमिनियमची प्लेट चार कोपऱ्यांत चार स्क्रूंनी आवळायची, ही सगळीकडची रीत. ती चुकीची आहे. तळ कधीच सपाट नसतो, त्यामुळे आवळताच प्लेटला पीळ बसतो. शिवाय ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढते आणि साधे स्टील सुमारे १२. ३०० मिमीच्या प्लेटला १० अंशांत ३३ मायक्रॉनचा फरक साठतो. प्लेटला वाढायला जागा नसेल तर ती वाकते, आणि वाकली की तिच्यावरचा प्रत्येक आरसा आपापल्या कोनात कलतो. कधी वाकण्याऐवजी एखाद्या स्क्रूखाली घसरते. मग पॉवर परतही येत नाही.

चार पायांचे टेबल डुगडुगते, तिवई डुगडुगत नाही. प्लेट तीन ठिकाणीच टेका. तीन जागी १० ते १२ मिमी व्यासाचे, एकाच उंचीला सपाट कापलेले स्पेसर ठेवा, प्लेटचा बाकी भाग तळाला कुठेच टेकू देऊ नका. फायबरच्या बाजूचा एक स्क्रू पूर्ण आवळा. दुसऱ्या जागी प्लेटमध्ये पहिल्या स्क्रूच्या दिशेने लांबट खाच, तिसऱ्या जागी एक-दोन मिमी मोठे भोक. या दोन्ही ठिकाणी डिस्क-स्प्रिंग वॉशर (दाबल्यावर स्प्रिंगसारखा दबणारा, वाटीसारखा) घालून स्क्रू इतकाच आवळा की प्लेट उचलली जाणार नाही पण सरकू शकेल. मिलिंगची सोय असेल तर प्लेटखाली शंकूचा खड्डा, व्ही-खाच आणि सपाट पॅड अशा तीन जागा करून त्या तीन स्टीलच्या गोळ्यांवर बसवणे आणखी चांगले.

प्लेटचा माल घेताना ६०६१-टी६५१ मागा. त्यातली शेवटची दोन अक्षरे महत्त्वाची: प्लेट ताणून तिच्यातला आतला ताण कमी केला आहे, असा त्यांचा अर्थ. नुसत्या टी६ प्लेटची एकच बाजू मिल केली की ती केळीसारखी वाकू शकते. दोन्ही बाजू रफ करा, अर्धा मिमी माल ठेवा, क्लॅम्प सोडून एक रात्र पडू द्या आणि मग दोन्हीकडून फिनिश घ्या. जाडी १२ मिमीपेक्षा कमी नको.

माउंटचे बूड आणि क्लॅम्प

आटे पाडलेल्या भोकाच्या कडेला बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कड, उभी राहते. ॲनोडायझिंग केल्यावर ती आणखी कठीण होते. डोळ्याला काही दिसत नाही, पण नखाला लागते. त्या बरीवर माउंट बसला की तो तीन-चार टोकांवर तोलला जातो आणि प्रत्येक गरम-थंड चक्रात थोडा बदलतो. सगळी भोके हाताने काउंटरसिंक करा, माउंटचे बूड बारीक ऑइल स्टोनवर आठच्या आकड्यात हलकेच फिरवा, स्पिरिटने पुसा. मग सरफेस प्लेटवर (तपासणीसाठीच्या अगदी सपाट प्लेटवर) निळ्या रंगाचा अगदी पातळ हात लावून बूड टेकवा आणि उचला. निळे डाग कडेला, एकमेकांपासून दूर उमटले पाहिजेत. फक्त मध्यभागी डाग म्हणजे माउंट भोवऱ्यासारखा झुलणार. अशा बुडाचा मधला भाग ०.२ ते ०.५ मिमी खोल मिल करून टाका.

पोस्टबद्दल एकच गोष्ट: वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते आणि उंचीच्या तिसऱ्या घाताने कमी होते. साडेबारा मिमीच्या पोस्टऐवजी २५ मिमीचा घेतला तर सोळापट, बीमची उंची १०० वरून ५० मिमी आणली तर आठपट. होल्डरमध्ये आत-बाहेर सरकणारा, बाजूने अंगठा-स्क्रूने दाबलेला पोस्ट टेबलावरच्या प्रयोगाला चालतो. कायमच्या बॉक्समध्ये तो नको.

काट्यासारखा क्लॅम्प वापरत असाल तर स्क्रू कुठे आहे ते नीट बघा. क्लॅम्पचे एक टोक पोस्टच्या कडेवर आणि दुसरे टोक प्लेटवर टेकते. स्क्रू टाचेजवळ असेल तर सगळा दाब टाचेवर जातो, पोस्टवर जेमतेम उरतो. स्क्रू खाचेत होता होईल तेवढा पोस्टच्या जवळ आणा. टाच आणि पोस्टची कड समान उंचीवर नसतील तर क्लॅम्प तिरका बसून पोस्टला बाजूला ढकलतो. टाचेखाली शिम (पातळ पट्टी) घालून सपाट करा.

आवळण्याचा जोर हाताच्या अंदाजावर सोडू नका. ॲल्युमिनियममधल्या स्टेनलेस स्क्रूला एम३ साठी ०.६ ते ०.८, एम४ साठी १.५ ते २, एम६ साठी ४ ते ५ न्यूटन-मीटर पुरतो. आटे व्यासाच्या दीड ते दोनपट खोल धरले पाहिजेत. जास्त जोर लावल्याने स्थिरता वाढत नाही, माउंट वाकतो.

ॲडजस्टर

पाव मिमी पिचचा स्क्रू २५ मिमी भुजेवर एक पूर्ण फेरी फिरवला की आरसा १० मिलिरेडियन कलतो. म्हणजे २० टक्के पॉवर घालवायला नॉब दीड अंशाहून किंचित जास्त फिरला की झाले. या स्क्रूच्या आट्यांत नेहमी थोडा ताण अडकून राहतो आणि तो रात्रभरात सुटतो. म्हणून शेवटची हालचाल कायम स्क्रू आत घेण्याच्या, स्प्रिंग ताणण्याच्या दिशेने संपवा. पुढे गेले तर पाव फेरी मागे जाऊन पुन्हा आत या. मग नॉबच्या डोक्यावर पेन्सिलीने चार-पाच टिचक्या मारा, पॉवर हलली तर पुन्हा मिळवा, पुन्हा टिचक्या. टिचक्यांनी हलणे थांबेपर्यंत अलाइनमेंट पूर्ण झाली असे मानू नका.

लॉक नट आवळताना पॉवर हलतेच. ती किती आणि कुठे हलते ते एकदा बघून तेवढी आधीच उलट दिशेला ठेवायची, हा सरावाचा भाग. स्क्रूचा गोळा मऊ ॲल्युमिनियमवर टेकत असेल तर तिथे खड्डा पडतो आणि मग कुठलीच युक्ती चालत नाही. टेकायची जागा कार्बाइड, नीलमणी किंवा कडक केलेल्या स्टीलची हवी.

लेन्स, चिकटद्रव्य आणि ग्रब स्क्रू

बाजूने एका ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) दाबलेली लेन्स दोन प्रकारे त्रास देते. ती स्क्रूच्या विरुद्ध दिशेला सरकते, आणि काचेत ताण बसून ध्रुवीकरण बदलते. पुढे ध्रुवीकरणावर चालणारा घनाकृती बीमस्प्लिटर किंवा ध्रुवीकरण टिकवणारे पीएम फायबर असेल तर हा बदल पॉवरच्या घटीसारखाच दिसतो. नायलॉन टोकाचा ग्रब स्क्रू काचेला ओरखडा पाडत नाही हे खरे, पण नायलॉन दबत जाते आणि काही आठवड्यांत पकड सैल पडते. आट्याची रिटेनिंग रिंग आणि मध्ये पातळ ओ-रिंग हा उपाय बरा.

चिकटवायचेच असेल तर फटीचा विचार आधी. बहुतेक यूव्ही ॲढेसिव्ह पक्के होताना एक-दोन टक्के आकसतात. लेन्सच्या एका बाजूला १०० मायक्रॉनचा थेंब असेल तर लेन्स त्या बाजूला दोन मायक्रॉनपर्यंत ओढली जाते. फायबरची लेन्स असेल तर निम्म्याहून अधिक पॉवर गेली. १२० अंशांवर तीन थेंब, तिन्ही फटी सारख्या, आणि तिन्ही थेंब एकाच वेळी पक्के करा म्हणजे ओढ एकमेकींना छेदते. पाच मिनिटांचे इपॉक्सी टाळा: ते जरा गरम बॉक्समध्येही मऊ पडते आणि रांगत राहते. सुपरग्लू तर ऑप्टिक्सच्या जवळही नको, त्याची वाफ लेन्सवर पांढरी साय धरते. सिलिकॉन घ्यायचे तर व्हिनेगरचा वास न येणारे, न्यूट्रल.

चिकटवलेला भाग लगेच बॉक्समध्ये घालू नका. ॲढेसिव्हला चालत असेल तर ६० अंशांवर काही तास ठेवून सावकाश थंड होऊ द्या, मग अलाइनमेंट.

डायोड आणि त्याखालचा थंडावा

डायोड आणि त्याची लेन्स एकाच धातूच्या एकाच ठोकळ्यात असली पाहिजेत, आणि तो संपूर्ण ठोकळा पेल्टियरवर (विजेवर थंडावा देणाऱ्या चकतीवर). डायोड पेल्टियरवर आणि लेन्स बाहेर, अशी रचना असेल तर ती कितीही आवळा, स्थिर होणार नाही. ठोकळ्याखाली थर्मल पेस्टचा जाड थर असेल तर ठोकळा त्यावर तरंगतो आणि प्रत्येक चक्रात थोडा घसरतो. पेस्ट अगदी पातळ ठेवा किंवा त्याऐवजी इंडियमचा पातळ पत्रा घाला. नायलॉनच्या स्क्रूंऐवजी बारीक स्टेनलेस स्क्रू, खाली उष्णता अडवणारे वॉशर आणि त्यावर डिस्क-स्प्रिंग. दोन्ही बाजूंचे स्क्रू आळीपाळीने पाव-पाव फेरी आवळा, नाहीतर पेल्टियर तडकतो.

मुंबई-कोकण-गोव्यात जुलैत हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. डायोड २० अंशांवर ठेवला तर एसी बंद पडताच ठोकळ्यावर पाणी धरते, आणि डायोडची खिडकी धुरकट झाल्याने पडलेली पॉवर लोक आरशांच्या नावावर टाकतात. सेट-पॉइंट २८ ठेवा. बॉक्स सीलबंद करून आत सिलिका जेल ठेवा. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरण्यालाही तोच उपाय.

फायबरचे टोक

फायबर केबल कनेक्टरला लटकत असेल तर ती ॲडॉप्टरला ओढते. कनेक्टरपासून ५० ते १०० मिमीवर केबल त्याच प्लेटला बांधा, वळण ३० मिमी त्रिज्येपेक्षा तंग नको. एफसी (आट्यांनी बसणारा) कनेक्टर काढून पुन्हा लावला की पॉवर थोडी बदलणे स्वाभाविक आहे; तो फरक अलाइनमेंट ढळल्याचा पुरावा धरू नका. लावण्याआधी टोक साफ करा. पॉवर एकदम आणि कायमची उतरली असेल तर आधी टोक तपासा, बाकी नंतर. फायबर मल्टी-मोड असेल, २०० किंवा ४०० मायक्रॉन गाभ्याचे, तर वरचे सगळे आकडे शिथिल होतात आणि घसरणीचे कारण बहुतेकदा धूळ किंवा जळलेले टोक असते.

दुरुस्ती झाली हे कसे ठरवायचे

सगळे पक्के केल्यावर बॉक्स ४५ अंशांपर्यंत तापवून खोलीच्या तापमानाला आणा, असे चार-पाच वेळा. मधल्या विश्रांतीत स्क्रू ठरलेल्या टॉर्कला पुन्हा तपासा. मग एकदाच अलाइनमेंट, टिचक्या, लॉक. रात्रभर बंद ठेवा. सकाळी चालू करून तासभर तापू द्या आणि फायबरमधला सिग्नल आधीच्या फोटोडायोडने भागून बघा. हे गुणोत्तर संध्याकाळच्या ३ टक्क्यांच्या आत आले आणि सलग तीन सकाळी आले, तर बॉक्स बंद करा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला गुणोत्तर, तापमान, तारीख लिहून ठेवा. नाही आले, तर पुन्हा पेन्सिल घ्या. राहिलेला सैल भाग आता एखादाच असेल, आणि बाकीची हालचाल थांबल्यामुळे तो आधीपेक्षा लवकर सापडतो.